डोक्यातल्या वादळाचा फोटो

दोस्तांनो, एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. दुपारचा गणिताचा तास. बाईंनी फळ्यावर उदाहरण लिहिलंय आणि तुम्ही ते वहीत उतरवून घेताय. तेवढ्यात लक्षात येतं, की मधल्या एका आकड्याच्या जागी काहीच दिसत नाहीये. तुम्ही डोळे चोळता. भोक आपलं तिथंच! चार-पाच मिनिटांनी त्या भोकाच्या कडेला एक चकचकीत, थरथरणारी रेघ उमटते. करवतीच्या दात्यांसारखी वाकडीतिकडी. ती हळूहळू मोठी होत बाजूला सरकते. वीस-पंचवीस मिनिटं गेली की सगळा खेळ आपोआप संपतो आणि नजर पहिल्यासारखी स्वच्छ होते. हुश्श म्हणावं, तोच डोक्याच्या एका बाजूला ठणका सुरू होतो. खिडकीतलं ऊन सुईसारखं टोचायला लागतं, बाक सरकवल्याचा आवाज सहन होत नाही, पोटात ढवळतं.

तुम्ही हात वर करून म्हणता, "बाई, माझं डोकं दुखतंय."

वर्गात खसखस पिकते. कारण पुढच्या तासाला चाचणी आहे, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं!

असं तीन-चारदा झालं, की घरचे डॉक्टरांकडे नेतात. कधी कधी डॉक्टर खात्रीसाठी डोक्याचा एमआरआय काढायला सांगतात. मग एक मोठं पाकीट घरी येतं. आत काळ्या फिल्मवर तुमच्याच मेंदूची चित्रं आणि सोबतच्या कागदावर निकाल : सर्व काही नॉर्मल. आई-बाबांचा जीव भांड्यात पडतो. पण तुमची पंचाईत होते. कारण आता शेजारच्या काकू म्हणायला मोकळ्या, "फोटोत काही आलं नाही ना? मग अभ्यासाचा कंटाळा, दुसरं काय!"

काकू इथे चुकतात. पण कुठे चुकतात, हे दाखवून द्यायला शास्त्रज्ञांना कित्येक वर्षं खपावं लागलं. ती हकिकत मोठी मजेची आहे.

आधी नावाचं बघू. या दुखण्याला आपल्या आज्या अर्धशिशी म्हणतात. यातली शिशी म्हणजे औषधाची बाटली नव्हे बरं का! शिशी म्हणजे शीर्ष, डोकं. अर्धं डोकं दुखतं म्हणून अर्धशिशी. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत याच दुखण्याला अर्धावभेदक म्हटलं आहे. तिकडे ग्रीक वैद्यांनी त्याला हेमिक्रेनिया म्हटलं, त्याचाही अर्थ अर्धं डोकं, आणि तो शब्द झिजत झिजत फ्रेंचांकडून इंग्रजीत 'मायग्रेन' होऊन आला. एकमेकांपासून इतक्या दूरच्या लोकांनी एकाच दुखण्याला एकच नाव द्यावं, यावरून ते किती जुनं आणि किती ठरावीक पद्धतीचं आहे ते कळतं. मुलांच्या बाबतीत मात्र हे नाव थोडं फसवं आहे. मुलांचं डोकं पुष्कळदा दोन्ही बाजूंनी दुखतं, आणि काहींचं तर डोक्याऐवजी पोटच दुखतं.

आता त्या नॉर्मल फोटोकडे वळू. समजा, तुमच्या घरचा रेडिओ मध्येच खरखर करतो. तुम्ही त्याचा छान रंगीत फोटो काढलात आणि दुरुस्ती करणाऱ्याला नेऊन दाखवलात. तो काय सांगणार? रेडिओ अखंड आहे, काच फुटलेली नाही, बटणं जागेवर आहेत. खरखर काही फोटोत येत नाही. साधा एमआरआय हा असाच मेंदूच्या आकाराचा फोटो असतो. कुठे गाठ नाही, रक्तस्राव नाही, सूज नाही, हे त्यातून कळतं आणि ते कळणं महत्त्वाचंच असतं. पण अर्धशिशी ही मेंदूच्या वागण्यातली गडबड आहे. ती येते, काही तास किंवा दोन-तीन दिवस थैमान घालते आणि निघून जाते. वादळ सरल्यावर समुद्राचा फोटो काढला, तर त्यात वादळ कुठून दिसणार?

कागद, पेन्सिल आणि घड्याळ

या वादळाची पहिली चांगली चित्रं कुठल्या यंत्राने काढली नाहीत. ती ह्यूबर्ट एअरी नावाच्या इंग्रज डॉक्टरने स्वतःच्या हाताने काढली. त्याचे वडील जॉर्ज एअरी हे ग्रिनिचच्या वेधशाळेचे प्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ. गंमत म्हणजे बापलेक दोघांनाही ती करवतीची रेघ दिसायची. ह्यूबर्टने ती रेघ कशी उगवते आणि कशी वाढत जाते याची चित्रं काढून १८७० मध्ये प्रसिद्ध केली. दिवाळीत तुम्ही अंगणात किल्ला करता ना? त्याची तटबंदी आणि बाहेर आलेले बुरूज वरून पाहिले, की कशी नागमोडी कड दिसते, तशीच ती रेघ त्याला वाटली.

डोकं दुखण्याआधी दिसणाऱ्या या प्रकाराला डॉक्टर 'ऑरा' म्हणतात. तो सगळ्यांनाच दिसत नाही. अर्धशिशीच्या चार रुग्णांपैकी साधारण एकालाच तो अनुभव येतो.

पुढे अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात कार्ल लॅशली नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनाही ऑरा यायचा. दुसरा कोणी असता तर डोळे मिटून पडून राहिला असता. लॅशली काय करायचे? समोरच्या कागदावर एका ठिपक्याकडे टक लावून बसायचे, भोक आणि रेघ कागदावर जिथे दिसेल तिथे पेन्सिलीने गिरवायचे आणि बाजूला वेळ लिहून ठेवायचे. थोड्या मिनिटांनी पुन्हा. पुन्हा थोड्या मिनिटांनी. असे नकाशेच्या नकाशे त्यांनी जमवले.

आता त्यांची युक्ती नीट समजून घ्या. डोळ्यांनी पाहिलेलं 'दिसतं' ते मेंदूच्या अगदी मागच्या भागात, तुमचं डोकं उशीवर टेकतं त्या बाजूला. तिथल्या सुरकुतलेल्या थरावर समोरच्या देखाव्याचा जणू नकाशाच मांडलेला असतो. देखाव्यात जे शेजारी शेजारी, ते या नकाशातही शेजारी शेजारी. म्हणजेच नजरेत रेघ सरकत असेल, तर मेंदूच्या त्या थरावरही काहीतरी सरकत असलं पाहिजे! किती अंतर सरकलं याचा अंदाज लॅशलींना बांधता येत होता. वेळ तर लिहिलेली होतीच. अंतर भागिले वेळ, हे गणित तुम्हीसुद्धा कराल. उत्तर आलं : मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर.

ही चाल किती मंद आहे, ठाऊक आहे? तुमच्या कंपासपेटीतली १५ सेंटिमीटरची पट्टी घ्या. या चालीने तिच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचायला ५० मिनिटं लागतील. आपल्या चेतांमधून निरोप धावतात ते सेकंदाला कित्येक मीटर वेगाने. मग मेंदूत गोगलगायीलाही लाजवील अशा चालीने सरकणारं हे काय? १९४१ मध्ये लॅशलींनी हे सगळं प्रसिद्ध केलं. त्या अवलियाने कवटीला हातही न लावता मेंदूतल्या वादळाचा वेग मोजला होता.

सिंह आणि ससे

योगायोग पहा. त्याच हार्वर्डमध्ये त्याच सुमारास ब्राझीलहून एक तरुण संशोधक शिकायला आला. नाव आरिस्तीदेस लेआओ. पोर्तुगीज भाषेत लेआओ म्हणजे सिंह. आणि हा सिंह प्रयोग करत होता सशांवर! पंचतंत्रातल्या गोष्टीत ससा सिंहाला विहिरीत दाखवतो, इथे सशांनी सिंहाला एक नवीच गोष्ट दाखवली.

लेआओंना खरं म्हणजे फेफऱ्याचा अभ्यास करायचा होता. त्यासाठी ते सशाच्या मेंदूला विजेचा हलका चिमटा देत आणि मेंदूतल्या विद्युत लहरी नोंदवत. त्यांची अपेक्षा होती की लहरी उसळतील. झालं उलटंच. लहरी विझल्या! कागदावरच्या रेघा सपाट झाल्या. आणि ही शांतता एका जागी थांबेना. ती शेजारच्या भागात पसरली, मग त्याच्या शेजारच्या. पुढे पुढे शांतता सरकत होती आणि मागचा भाग हळूहळू जागा होत होता. वेग? पुन्हा तेच, मिनिटाला काही मिलिमीटर. हा शोध १९४४ मध्ये छापून आला. ही लाट आणि अर्धशिशीतली सरकती रेघ यांचं काही नातं असावं, असा अंदाज लेआओ आणि त्यांच्या सहकाऱ्याने पुढच्याच वर्षी मांडला.

पण अंदाज तो अंदाजच. ससा काही सांगत नाही, की मला बुवा करवतीची रेघ दिसतेय. आणि माणसाची कवटी उघडून बघायची सोय नाही. शिवाय त्या काळी बहुतेक डॉक्टरांचा भरवसा वेगळ्याच गोष्टीवर होता. डोक्यातल्या रक्तवाहिन्या आधी आवळतात, मग फुगतात आणि फुगल्या की ठणकतं, असं ते मानत. ऐकायला ते पटतंही, कारण ठणका नाडीच्या ठोक्यासारखाच असतो. त्यामुळे लाटेची कल्पना बरीच वर्षं बाजूला पडून राहिली.

वादळ यंत्रात सापडलं

आता अडचण लक्षात घ्या. वादळाचा फोटो काढायचा तर वादळ येईल तेव्हा माणूस यंत्रात हवा. वादळ तर सांगून येत नाही. आणि आलं, तर त्या बिचाऱ्याला उजेड नको, आवाज नको, उलटी होईल की काय ही भीती. अशा वेळी एका बोगद्यात निपचित पडून राहायचं, डोकं तसूभरही हलवायचं नाही! तुम्ही राहाल?

१९८१ मध्ये डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन इथे येस ओलेसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पहिला मासा गळाला लागला. ते मानेतल्या रक्तवाहिनीतून झेनॉन या वायूचा किरणोत्सारी प्रकार अगदी थोडा सोडत आणि डोक्याशेजारी बसवलेल्या २५४ छोट्या 'डोळ्यांनी' तो मेंदूत कुठे किती पोचतो ते बघत. जिथे रक्त जास्त, तिथे झेनॉन जास्त. काही रुग्णांना या तपासणीमुळेच अर्धशिशीचा झटका आला. मग दिसलं काय? मेंदूच्या मागच्या बाजूला रक्तप्रवाह कमी झाला आणि ती कमतरता हळूहळू पुढे पुढे पसरत गेली. रक्तवाहिन्यांच्या फांद्या कुठे जातात याची तिने पर्वाच केली नाही. गावात एका नळाची तोटी बंद केली, तर त्या नळावरचीच घरं कोरडी पडतात ना? इथे तसं होत नव्हतं. पाण्यावर तरंग पसरावा तशी कमतरता पसरत होती. सशांमध्ये दिसलेली लाट पसरते, अगदी तशी.

पुढचा मासा मात्र नशिबाने मिळाला. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात 'पेट स्कॅन' नावाच्या यंत्राने डोळे आणि मेंदू यांचा अभ्यास चालू होता. पेट म्हणजे पोट नव्हे, ते यंत्राच्या लांबलचक नावाचं लघुरूप आहे. यात किरणोत्सारी प्राणवायू असलेलं पाणी शिरेतून देतात. त्याचा जोर दर दोन मिनिटांनी निम्मा होतो, म्हणून तपासणी पुन्हा पुन्हा करता येते. एक तरुणी या अभ्यासासाठी स्वयंसेवक म्हणून यंत्रात झोपली होती. अर्धशिशीचा तिथे विषयही नव्हता. आणि तपासणी चालू असतानाच तिचं डोकं दुखायला लागलं! तपासणी थांबवली गेली नाही. रक्तप्रवाहातली घट मेंदूच्या मागून, दोन्ही बाजूंनी, पुढे पसरत गेलेली त्या चित्रांत दिसली. १९९४ मध्ये तो अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा जगभरच्या डॉक्टरांनी कान टवकारले. ना कुठली सुई मानेत, ना मुद्दाम आणलेला झटका. आपणहून आलेलं वादळ आयतं यंत्रात सापडलं होतं.

मला विचाराल, तर या सगळ्या हकिकतीतली सर्वांत शूर मंडळी म्हणजे असे स्वयंसेवक. शास्त्रज्ञांची नावं छापून येतात, यांची येत नाहीत.

बास्केटबॉल खेळून या!

तोवर एमआरआय यंत्रालाही एक नवी विद्या अवगत झाली होती. हे यंत्र म्हणजे एक जबरदस्त लोहचुंबक. दवाखान्यातल्या मोठ्या यंत्राची ताकद ३ टेस्ला असते, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ६० हजार पट! म्हणून आत जाताना बांगड्या, पिना, किल्ल्या, सगळं बाहेर ठेवावं लागतं. आत असा काही खडखडाट होतो, की कोणी पत्र्याच्या छपरावर हातोडे मारतंय असं वाटतं. यात क्ष-किरण नसतात आणि किरणोत्सारी औषध टोचावं लागत नाही, हा याचा मोठा फायदा.

नवी विद्या अशी. आपल्या रक्ताचा लाल रंग ज्याच्यामुळे, ते हिमोग्लोबिन प्राणवायू घेऊन जात असतं तेव्हा चुंबकाजवळ एका तऱ्हेने वागतं आणि प्राणवायू सोडून दिल्यावर दुसऱ्या तऱ्हेने. म्हणजे रक्तच आपला निरोप्या झालं! मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिकडे ताजं, प्राणवायूने भरलेलं रक्त धावतं आणि यंत्राला तो फरक टिपता येतो. सेजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञाने अमेरिकेत १९९० मध्ये उंदरांच्या मेंदूत हे दाखवलं आणि दोनच वर्षांत माणसांच्या मेंदूची अशी चित्रं निघू लागली. साधा एमआरआय म्हणजे फोटो, तर हा म्हणजे सिनेमा.

आता फक्त सांगून येणारं वादळ हवं होतं. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात नुशीन हाजीखानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असा एक माणूस भेटला, की दणकून बास्केटबॉल खेळला की त्याला हमखास ऑरा यायचा! झालं तर मग. गडी घाम गाळून आला आणि यंत्रात झोपला. समोर पडद्यावर सोंगट्यांच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन लुकलुकत होते. ते लुकलुकले की मेंदूचा मागचा भाग ठरावीक पद्धतीने साद देतो. जेव्हा ऑरा सुरू झाला, तेव्हा त्या भागातल्या एका ठिकाणी ही साद बिघडली. आधी रक्तप्रवाह वाढला, मग सादच मंदावली. हा बिघाड शेजारी, त्याच्या शेजारी असा सरकत गेला. आणि त्याच वेळी त्या माणसाच्या नजरेतली रेघही सरकत होती. मेंदूतल्या नकाशाप्रमाणे जिथे असायला हवी, बरोबर तिथेच.

वेग किती भरला असेल? मिनिटाला सुमारे साडेतीन मिलिमीटर!

हे साल होतं २००१. लॅशलींचं कागद-पेन्सिलीचं उत्तर आलं होतं १९४१ मध्ये. साठ वर्षांनी कोट्यवधी रुपयांच्या यंत्राने त्यांची वही तपासली आणि उत्तराशेजारी 'बरोबर'ची खूण केली.

रक्तवाहिन्या फुगतात या जुन्या समजुतीचीही २०१३ मध्ये कोपनहेगनमध्येच एमआरआयने परीक्षा झाली. डोकं ठणकत असतानाच रक्तवाहिन्यांची चित्रं काढली, तर कवटीबाहेरच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या आढळल्याच नाहीत आणि आतल्या फुगल्या त्या अगदी किंचित. एवढ्याशा फुगण्याने इतका ठणका लागत असेल, हे पटण्यासारखं नव्हतं.

जांभई आणि चॉकलेट

तुमच्यातला एखादा चौकस वाचक आता म्हणेल, "पण ज्यांना ऑरा येतच नाही, त्यांचं काय?" शाबास! हाच प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. शिवाय मेंदूला स्वतःला दुखत नाही. आश्चर्य वाटलं ना? दुखतात ती मेंदूभोवतीची आवरणं आणि तिथल्या रक्तवाहिन्या. तिथलं दुखणं चेहऱ्याच्या एका मोठ्या चेतेमार्फत मेंदूच्या बुंध्याशी, म्हणजे मान जिथे डोक्याला मिळते तिथे आत पोचतं. १९९५ मध्ये जर्मनीतल्या एसेन शहरात, झटका चालू असलेल्या नऊ रुग्णांचं पेट स्कॅन केलं, तेव्हा हा बुंधा उजळलेला दिसला. औषध देऊन ठणका थांबवला, तरी बुंधा उजळलेलाच! म्हणजे दुखायचं थांबलं, तरी आतलं वादळ शमलेलं नव्हतं. औषधाने बरं वाटून काही तासांनी डोकं पुन्हा दुखायला लागतं, त्याचं कारण हेच असेल, असं तेव्हा त्या शास्त्रज्ञांना वाटलं.

मग वादळ सुरू कुठून होतं? हे बघायचं तर झटक्याच्या आधीचा दिवस पकडायला हवा. तो कोणता, हे आधी कोणाला ठाऊक? जर्मनीतल्याच हॅम्बुर्ग शहरात लॉरा शुल्टे आणि आर्ने माय या दोघांनी यावर साधा पण चिकाटीचा उपाय काढला. रोज फोटो काढायचा! अर्धशिशीचा त्रास असलेली एक बाई तयार झाली आणि महिनाभर, ३० दिवस, रोज त्या खडखडणाऱ्या बोगद्यात जाऊन झोपली. रोज तिला नाकात झोंबणारा अमोनियाचा वास द्यायचे, गुलाबाचा सुवास द्यायचे, काळे-पांढरे चौकोन दाखवायचे आणि मेंदू कशी साद देतो ते टिपायचे. त्या महिन्यात तिला तीन झटके आले. मग मागे जाऊन आदल्या दिवसाची चित्रं चाळली. ठणका सुरू व्हायच्या आधीच्या २४ तासांत मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस नावाच्या लहानशा भागाची साद बदललेली होती. बुंध्याशी त्याचं गूळपीठही जमलेलं होतं. हा अहवाल २०१६ मध्ये आला. एकाच बाईवरून सगळ्या जगाबद्दल बोलता येत नाही, म्हणून पुढे आणखी सात जणांवर हाच महिनाभराचा प्रयोग केला. २०२० मध्ये त्याचे निकाल आले, तेव्हाही हायपोथॅलॅमस ठणक्याच्या आधीच जागा झालेला दिसला.

एवढासा हा भाग करतो काय? झोप, भूक, तहान, शरीराचं तापमान, सगळ्याचं वेळापत्रक तो सांभाळतो. आता गंमत बघा. अर्धशिशीचे कित्येक रुग्ण सांगतात, की डोकं दुखायच्या आदल्या दिवशी सारख्या जांभया येतात, तहान लागते, चिडचिड होते, काहीतरी गोड खावंसं वाटतं. जांभई, तहान, खाण्याची इच्छा... ही तर सगळी हायपोथॅलॅमसच्या खात्यातली कामं!

यामुळे एका जुन्या गुन्हेगाराची केस पुन्हा उघडावी लागली. चॉकलेट खाल्लं म्हणून डोकं दुखलं, असं किती तरी जण छातीठोकपणे सांगतात. पण असंही असू शकेल, की झटक्याची सुरुवात आतमध्ये आधीच झाली होती, म्हणूनच चॉकलेट खावंसं वाटलं! चॉकलेट चोर नसेल, चोर येऊन गेल्याची खूण असेल. (हे वाक्य आईला दाखवून रोज चॉकलेट मागू नका. दातांचे डॉक्टर वेगळं असतात.)

आता थोडं सावध होऊ या. काही अभ्यासांत अर्धशिशी असलेल्यांच्या मेंदूच्या आकारातही फरक दिसले आहेत. २००७ मध्ये अर्धशिशीचे २४ रुग्ण आणि तसा त्रास नसलेले १२ जण यांची तुलना केली, तेव्हा रुग्णांच्या मेंदूत स्पर्श आणि वेदना जाणणाऱ्या थराचा, डोकं-चेहरा सांभाळणारा भाग जाड आढळला. आता हा थर जाड म्हणून डोकं दुखतं, की वर्षानुवर्षं दुखून दुखून थर जाड झाला? कोंबडी आधी की अंडं आधी, तसला हा प्रश्न आहे. नेदरलँड्समध्ये अर्धशिशीच्या काही रुग्णांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, मेंदूच्या चित्रात बारीक पांढरे ठिपके जास्त सापडले, तेव्हा पुष्कळ जण घाबरले. त्याच लोकांना नऊ वर्षांनी पुन्हा तपासलं. २०१२ मध्ये निकाल आला, की ठिपके होते, पण त्यांच्यामुळे विचारशक्ती किंवा स्मरणशक्ती उणावलेली दिसली नाही.

आणि हे सगळे निष्कर्ष पुष्कळ चित्रांची सरासरी काढून, किंवा झटका चालू असताना खास यंत्रणेने मिळालेले आहेत. तुमच्या एकट्याच्या फिल्मकडे बघून 'हिला अर्धशिशी आहे' किंवा 'हा नाटक करतोय' असं सांगणारं यंत्र आजही नाही. म्हणूनच डॉक्टर तुम्हाला प्रश्न विचारतात. किती वेळ दुखतं? एका बाजूला की दोन्ही? उजेड सोसतो का? घरात आणखी कोणाला आहे का? तेच अर्धशिशीचं निदान असतं. त्यांनी एमआरआय सांगितला, तर तो दुसरं काही नाही ना, एवढं बघायला. तेव्हा 'नॉर्मल' या शब्दाचा अर्थ 'दुसरं काही नाही' असा आहे, 'काहीच नाही' असा नाही. काकूंना हे नम्रपणे सांगायला हरकत नाही.

काही वेळा मात्र वाट बघत बसायचं नसतं. आजवर कधी दुखलं नव्हतं असं डोकं एकाएकी, वीज कोसळावी तसं दुखलं, सोबत ताप येऊन मान ताठ झाली, हात-पाय लुळा पडला, शुद्ध हरपली, डोक्याला मार लागल्यानंतर दुखायला लागलं, किंवा सकाळी उठल्या उठल्या डोकेदुखी आणि उलट्या रोज वाढतच चालल्या, तर मोठ्या माणसांना ताबडतोब सांगा आणि डॉक्टरांकडे जा. आणि कपाटातल्या गोळ्या मनाने घेऊ नका. वेदनाशामक गोळ्या वरचेवर घेतल्या, तर त्यांच्यामुळेच डोकं दुखायला लागतं!

ज्यांना हा त्रास आहे, त्यांनी एक जुनी वही काढा. दुखलं त्या दिवशी तारीख, वेळ, आदल्या रात्रीची झोप, सकाळचा डबा खाल्ला की तसाच परत आणला, जांभया आल्या का, हे चार ओळींत लिहा. आणि ऑरा येत असेल, तर सुरक्षित जागी बसा, कागदावर मध्ये एक ठिपका काढा, त्याकडे बघत रेघ दिसेल तशी गिरवा आणि शेजारी घड्याळातली वेळ टाका. पाच मिनिटांनी पुन्हा. डॉक्टरांकडे जाताना फिल्मच्या मोठ्या पाकिटात ती वहीसुद्धा ठेवा.